टकटक मावशीची खूण

कौल चांगलं की वाईट हे पाहून कळत नाही, ते ऐकावं लागतं, असं टकटक मावशी एकतीस वर्षं सगळ्यांना सांगत आली होती. त्यातली शेवटची तीन वर्षं तिला स्वतःलाच धड ऐकू येत नव्हतं, ही गोष्ट मात्र तिनं कुणाला सांगितली नव्हती. त्यात सांगण्यासारखं काही आहे असं तिला वाटलंच नाही. माल चोख जात होता, एकाही छपरावरून तक्रार आली नव्हती. मग कान कुणाचे आणि कसे आहेत याच्याशी जगाला काय करायचंय?

मावशी ही गावाबाहेरच्या कौलांच्या कारखान्यातली तपासनीस. भट्टीतून निघालेलं कौल डाव्या हाताच्या तीन बोटांवर तोलायचं आणि उजव्या हाताच्या बोटाच्या पेरानं त्यावर टकटक करायचं. खणखणीत वाजलं तर चांगलं. आत केसाएवढी चीर असली तर ते बद्द वाजतं. त्याच्या पाठीवर खडूची रेघ ओढायची आणि बाजूला टाकायचं. दिवसाला दोन हजार कौलं. तिचं खरं नाव लग्नाच्या कागदावर होतं आणि तिथंच राहिलं. गावानं तिला टकटक मावशी म्हटलं आणि तिनंही ते आपलं मानलं, कारण नाव कामावरून पडलं होतं आणि कामात तिला कुणी नावं ठेवली नव्हती.

सहा वर्षांपूर्वी कारखाना बंद पडला. लोकांना पत्र्याची आणि सिमेंटची छपरं आवडू लागली, कौलांना कुणी विचारेना. ज्याला जिथं काम मिळालं तिथं तो गेला. बेकरी बंद झाली. न्हाव्यानं आपली फिरती खुर्ची टेम्पोत घातली आणि शहर गाठलं. दिवसातून चार वेळा येणारी बस एकदाच येऊ लागली, आणि तीही कधीकधी फाट्यावरूनच माघारी वळायची. आत येऊन घ्यायचं कुणाला, हा ड्रायव्हरचा प्रश्न तसा रास्तच होता. मावशीच्या गल्लीत सतरा दारं होती, त्यातली उघडी पाच.

अशा गावात दोन वर्षांपूर्वी एक बाई पाठीवर भलीमोठी पिशवी टाकून उतरली. “मी शिल्पकार,” ती चहावालीला म्हणाली. चहावाली तेव्हा स्टोव्हला पंप मारत होती. तिनं “मी शिल्पा” एवढंच ऐकलं आणि त्या दिवसापासून ती बाई गावाची शिल्पाताई झाली. तिनं चार-पाच वेळा दुरुस्त करून पाहिलं, मग नाद सोडला. गावाला एखादी गोष्ट पटली की पटली.

शिल्पाताईनं पहिली गोष्ट केली ती बंद दारांची. ज्या घराला कुलूप आहे त्या घरात काय काम चालायचं, ते त्याच्या शेजाऱ्यांनीच त्या दारावर रंगवायचं. रंग ती देणार, हात शेजाऱ्यांचे. “आम्हाला कुठं चित्र काढता येतं,” असं म्हणत लोक आले आणि दुपारपर्यंत ब्रशवरून भांडायला लागले. भट्टीदादानं, म्हणजे तीस वर्षं भट्टी सांभाळलेल्या म्हाताऱ्यानं, न्हाव्याच्या दारावर कात्री काढली. तिचा फोटो फिरत फिरत शहरात न्हाव्यापर्यंत पोचला. तो पुढच्या रविवारी तणतणत आला. “ही कात्री आहे? ही छत्री दिसते,” तो म्हणाला. ती पुसून नवी काढेपर्यंत दोन दिवस गेले, तेवढ्यात अकरा जणांनी त्याच्याकडून केस कापून घेतले, आणि आता तो दर आठवड्याला दोन दिवस दुकान उघडतो. बेकरीवाल्याची सून आपलं दार बघायला आली ती भट्टी पेटवूनच गेली, म्हणजे गेलीच नाही. दारं बघायला बाहेरगावची माणसं येऊ लागली. बस दोनदा झाली. मावशीच्या गल्लीत आता नऊ दारं उघडी होती, आणि ती रोज सकाळी पाण्याला जाताना मोजायची.

मावशीला या सगळ्याचं कौतुक होतं, पण ते तिनं तोंडावर दाखवलं नाही. चित्रं बघून ती फक्त म्हणायची, “बरं आहे.” कारखान्यात “बरं आहे” म्हणजे माल पास.

मग शिल्पाताईच्या डोक्यात भिंत आली. कारखान्याच्या शेडमध्ये तपासायची राहून गेलेली चारेकशे कौलं धूळ खात पडली होती. शेडसमोर लोखंडी नळ्यांची मोठी चौकट उभी करायची, तिला तारेनं कौलं टांगायची, एकशेचव्वेचाळीस, चार ओळींत, आणि येणाऱ्यानं लाकडी हातोडी घेऊन ती वाजवायची. वाजणारी भिंत. हे ऐकून गाव हसलं आणि लगेच मदतीला लागलं, कारण प्रश्न नुसत्या भिंतीचा नव्हता. शेड पाडून जागा मोकळी करायची, की गावाला कार्यशाळेसाठी द्यायची, हे ठरवायला एक समिती येणार होती, रविवारी दुपारी. भिंत वाजली तर शेड वाचेल असं कुणी लिहून दिलं नव्हतं, पण सगळ्यांनी तसं धरून चाललं होतं.

“कौलं तुम्हीच निवडायची,” शिल्पाताई मावशीला म्हणाली. “असा कान दुसऱ्या कुणाला नाही.”

मावशी मनातून दचकली. पण चेहऱ्यावर तिनं काही येऊ दिलं नाही. “बघू,” ती म्हणाली.

दचकण्याचं कारण शहरात राहत होतं. मावशीची एकुलती एक लेक तिथं दवाखान्याच्या खिडकीत बसून आजाऱ्यांची नावं लिहायची. रोज वीस-पंचवीस म्हातारी माणसं तिच्यासमोरून जायची. एकटं राहणारी, पडलेली, भाजलेली, दोन दिवस कुणाला पत्ताच न लागलेली. त्यामुळे लेकीचं डोकं भीतीनं भरून गेलं होतं, आणि त्यात तिची काही चूक नव्हती. गेल्या उन्हाळ्यात फोनवर तिनं विचारलं, “जेवलीस का?” आणि मावशी म्हणाली, “हो, शेवया आजच वाळत घातल्या.” मग लेक एकेक शब्द तोडून बोलली.

“आई, एक सांगून ठेवते. तुला ऐकू येत नाही असं ज्या दिवशी मला कळेल, त्या दिवशी घर बंद. तू माझ्याकडे. मी वाद घालणार नाही आणि तूही घालायचा नाहीस.”

हे मात्र मावशीला स्वच्छ ऐकू आलं.

लेकीचं घर वाईट नव्हतं. चौथा मजला, पांढऱ्या फरश्या, खिडकी उघडली की समोर दुसऱ्याची खिडकी. लेक आणि जावई सकाळी आठला जायचे आणि सातला यायचे. मावशी एकदा तिथं वीस दिवस राहिली होती. विसाव्या दिवशी ती चहाच्या कपांवर टकटक करत बसलेली लेकीला सापडली. सहा कपांपैकी दोन बाद होते. त्या घरात तिला करायला तेवढं एकच काम मिळालं होतं.

तर आता गोष्ट अशी होती. मावशीचा डावा कान पार कामातून गेलेला, उजव्यात थोडी धुगधुगी. हे लेकीला कळलं की तिचं गाव सुटलं. आणि नेमकं आत्ताच, गाव जरा कुठं उठून बसायला लागलं असताना, ते सोडून जायची तिची मुळीच तयारी नव्हती.

कौलं निवडण्याची तिला धास्ती नव्हती. कान बारीक होत गेले तशी तिची बोटं शहाणी झाली होती. चांगलं कौल पेरानं ठोकलं की त्याची थरथर तीन बोटांतून थेट वर चढते. चिरलेलं कौल मुकाट पडून राहतं. शेवटची तीन वर्षं तिनं सगळा माल असाच पास केला होता. धास्ती होती ती माणसांची. कौल कधी डाव्या बाजूनं बोलत नाही.

निवडीच्या दिवशी शेडमध्ये गोंधळ होता. नळ्यांना भोकं पाडण्याचं काम चाललं होतं, यंत्राची घरघर तर मावशीच्या दातांतसुद्धा जाणवत होती. शिल्पाताई डावीकडून आली. तिच्या ओठांत तारेचे दोन तुकडे धरलेले. ती काहीतरी बोलली, हातानं ढिगाकडे दाखवलं, आणि मावशीला ऐकू आलं ते एवढंच: “…वर खूण करा.”

मावशीनं मान हलवली. मान हलवण्यात ती आता तरबेज झाली होती.

दोन दिवस ती स्टुलावर बसून होती. यंत्र थांबेल तेवढ्या वेळातच बोटांना थरथर कळायची; तशी चारशे कौलं तिच्या बोटांवरून गेली. वाईट होती त्यांच्या पाठीवर तिनं खडूनं रेघ ओढली, चांगली होती ती तशीच कोरी ठेवली. रेघ म्हणजे बाद. चांगल्या मालाला खूण कशाला लागते? कारखान्याच्या फाटकातून आत गेलेल्या कुठल्याही माणसाला हे ठाऊक होतं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती हात झटकून उठली आणि आपल्यावरच खूश होऊन घरी गेली.

शिल्पाताई काही कारखाना चालू असताना त्या फाटकातून आत गेलेली नव्हती.

शनिवारी अकराच्या बसनं लेक आली. भिंत बघायला, असं ती म्हणाली. मावशीला ते पटलं नाही, पण दारात उजवा कान पुढं राहील अशी उभी राहून तिनं लेकीच्या हातातली पिशवी घेतली. दोघी शेडकडे निघाल्या. गावातली तीस-चाळीस माणसं आधीच जमली होती. शिल्पाताई आणि तिच्या दोन मैत्रिणींनी चार दिवस खपून सगळी कौलं टांगली होती. एकमेकांवर आपटून टवके उडू नयेत म्हणून प्रत्येकाला फडकं गुंडाळलं होतं, आणि सगळं बांधून होईपर्यंत कुणी हातोडी लावायची नाही असा शिल्पाताईचा दंडक होता. आता फडकी सुटली. भिंत दिसायला देखणी होती, यात वाद नाही. भाजलेल्या मातीचा लाल रंग चार ओळींत उन्हात उभा होता.

पहिला मान भट्टीदादाचा. ही कौलं त्यानं भाजली होती. त्यानं हातोडी घेतली, घसा खाकरला आणि पहिल्या ओळीतलं पहिलं कौल वाजवलं. मग दुसरं. मग तिसरं. मग तो थांबला आणि त्यानं हातोडीकडे पाहिलं.

मावशीला काही ऐकू आलं नाही. पण तिला चेहरे दिसत होते. चहावालीनं तोंडावर हात ठेवला होता. न्हावी खाली बघत होता. शिल्पाताई पुढं गेली, तिनं दादाच्या हातून हातोडी घेतली आणि सगळी ओळ वाजवत गेली. या टोकापासून त्या टोकापर्यंत जाताना तिचा चेहरा उतरत गेला.

“माझंच चुकलं,” शिल्पाताई म्हणाली. तिच्या ओठांवरून मावशीनं ते ओळखलं. “टांगायची पद्धत चुकली. तार खूप घट्ट झाली असेल. नाहीतर नळ्या जड झाल्या. मी समितीला फोन करते, उद्या येऊ नका म्हणून सांगते. सॉरी, सगळ्यांचे चार दिवस फुकट गेले.”

मावशी पुढं झाली. तिनं जवळचं कौल तीन बोटांवर उचलून धरलं आणि पेरानं ठोकलं. मुकं. शेजारचं ठोकलं. तेही मुकं. मग तिनं ते कौल तारेवरच उलटं केलं. पाठीवर खडूची रेघ होती, सरळ, जाड, तिच्याच हातची. तिनं तिसरं उलटं केलं, चौथं केलं. सगळ्यांच्या पाठीवर रेघ.

तिच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. हव्या असलेल्या कौलांवर खूण करा, असं शिल्पाताई म्हणाली असणार. मावशीनं चारशेतली नको असलेली निवडून दिली होती, आणि त्या बिचारीनं ती जपून, फडक्यात गुंडाळून, एकेक करून टांगली होती. गावातली सगळी बाद कौलं एकाही अपवादाशिवाय भिंतीवर होती. एवढं बिनचूक काम मावशीलाच जमलं असतं.

गप्प राहणं सोपं होतं. शिल्पाताईनं दोष आपल्या अंगावर घेऊनही टाकला होता. समिती परत गेली असती, शेड पडली असती, आणि मावशी आपल्या घरात राहिली असती. लेक दोन हात अंतरावर उभी होती आणि तिच्याकडेच बघत होती. मावशीला तेवढ्या वेळात चौथा मजला दिसला, पांढऱ्या फरश्या दिसल्या. मग तिला ती रेघ पुन्हा दिसली. एकतीस वर्षांत तिच्या हातचा बाद माल तिनं दुसऱ्याच्या नावावर कधी खपवला नव्हता.

“तार बरोबर आहे,” ती म्हणाली. आपला आवाज किती मोठा निघतोय हे तिला कळत नव्हतं, त्यामुळे तो सगळ्यांना ऐकू गेला. “नळ्याही बरोबर आहेत. हिची काही चूक नाही. ही सगळी बाद कौलं आहेत. मी बाद मालावर खूण केली, हिला चांगल्यावर हवी होती. ती बोलली तेव्हा मला ऐकू आलं नाही. परत विचारायला जीभ रेटली नाही.” ती लेकीकडे वळली. “मला ऐकू येत नाही. डावा कान गेलाय. उजवाही जायच्या वाटेवर आहे. आजचं नाही, नऊ वर्षं झाली.”

सगळीकडे सामसूम झाली. निदान मावशीला तरी तसं वाटलं.

मग भट्टीदादा तिच्यासमोर येऊन उभा राहिला, तोंड तिच्या तोंडासमोर आणून, आणि सावकाश म्हणाला, “अगं, हे काय नवीन सांगतेस?”

“म्हणजे?”

“म्हणजे आम्हाला माहीत आहे. कारखाना चालू होता तेव्हापासून. भोंगा झाला तरी तू स्टुलावर बसून राहायचीस. मी मुद्दाम तुझ्या समोरून चालत जायचो, डबा हलवत. तुला वाटायचं, भट्टीदादाला भूक आवरत नाही.”

मावशीनं त्याच्याकडे पाहिलं, मग बाकीच्यांकडे. एकाच्याही चेहऱ्यावर आश्चर्य नव्हतं. उलट प्रत्येकाचा चेहरा चोरी पकडली गेल्यासारखा झाला होता.

“माझ्या दाराला काच कुणी लावली?” तिनं सुताराला विचारलं. “जास्तीची पडून होती म्हणालास ना?”

सुतार डोकं खाजवू लागला. “काच विकत आणली होती. दार वाजवून तुम्ही उघडत नाही, मग माणूस तरी दिसावा.”

एकदा सुरुवात झाल्यावर कुणाला धीर निघेना. बसचा ड्रायव्हर हॉर्न न वाजवता दिवे लावतो, तो मावशीसाठी. दुकानदार किंमत बोटांनी दाखवतो, तो काही मुका नाही. शेजारीण रोज स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघते. मावशीचा दिवा साडेनऊला बंद झाला नाही तर ती येऊन जाते, आणि आली की साखर मागते. “म्हणून तुझ्याकडे इतकी साखर लागते,” मावशी म्हणाली. “मला वाटलं तुम्ही साखरच खाता.” शेजारणीच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ती हसतही होती. आपण गावापासून एवढं मोठं गुपित नऊ वर्षं राखलं याचा मावशीला जो गुप्त अभिमान होता, तो त्या दुपारी सगळ्यांदेखत जमीनदोस्त झाला. तिला राग आला, लाज वाटली आणि भरूनही आलं. यातलं आधी काय आलं ते तिला सांगता आलं नसतं.

लेक मात्र भडकली होती. “तुम्हाला सगळ्यांना माहीत होतं,” ती म्हणाली. “मग मला कुणी सांगितलं का नाही? मी दर आठवड्याला तुमच्यापैकी कुणाला ना कुणाला फोन करते.”

“करता ना,” चहावाली म्हणाली. “तुम्ही विचारता, आई बरी आहे का. आम्ही सांगतो, बरी आहे. ती बरी आहेच, ताई. तिला फक्त ऐकू येत नाही.”

दवाखान्याच्या खिडकीतून लेकीला रोज जी माणसं दिसायची त्यांच्यामागं असं कुणी नसायचं. ती शेडच्या पायरीवर जाऊन बसली. मावशीला तिच्याजवळ जावंसं वाटलं, पण तिनं आधी उन्हाकडे पाहिलं. अजून सहा तासांचा उजेड होता.

“शिल्पाताई,” ती म्हणाली, “फोन ठेव खाली. शेडमध्ये अडीचशे कोरी कौलं पडली आहेत. ती चांगली आहेत. ही उतरवा.”

“पण मावशी, चार दिवस लागले होते टांगायला. आम्ही तिघी होतो.”

“आता चाळीस आहेत. स्टूल आणा माझं. आणि माझ्याशी बोलायचं असेल तर समोर येऊन बोल. इथून पुढं सगळ्यांनीच.”

स्टूल आलं. नुसती टांगायची तर ढिगातून उचलून टांगता आली असती, पण मावशी आता हट्टाला पेटली होती. तिला ओळी लावून हव्या होत्या. पातळ कौलाची थरथर बोटांच्या टोकाशीच विरते, ती वरच्या ओळीत. मध्यमाची तळव्यापर्यंत येते, ती मधल्या दोन ओळींत. जाडाची मनगटापर्यंत चढते आणि रेंगाळते, ती सगळ्यात खाली. एकटीच्यानं सहा तासांत हे होणार नव्हतं, म्हणून तिनं पाच जणांना समोर बसवलं, प्रत्येकाच्या तीन बोटांवर कौल ठेवलं आणि त्यांना डोळे मिटायला लावले.

“ऐकू नका,” ती म्हणाली. “ऐकलंत की चुकाल. बोटांना विचारा.”

न्हाव्याला पाचव्या कौलाला जमलं; त्याचा हात हलका होता. बेकरीवालीला लगेच जमलं. भट्टीदादाला अजिबात जमेना. तीस वर्षं आगीपुढं काढून त्याची बोटं लाकडासारखी झाली होती, त्यामुळे त्याला तार कापायला पाठवलं. त्याच्या रिकाम्या जागेवर लेक येऊन बसली. तिनं डावा हात पुढं केला. मावशीनं तिच्या बोटांवर कौल ठेवलं.

“काही कळत नाही,” लेक म्हणाली.

“हात ताठ धरू नकोस. ते पडणार नाही.”

लेकीनं पुन्हा ठोकलं. मग पुन्हा. आठव्या की नवव्या वेळी तिच्या कपाळावरची आठी गेली, आणि तिनं डोळे न उघडताच ते कौल तळव्याच्या ढिगात ठेवलं. मावशीनं उचलून तपासलं. बरोबर होतं. “बरं आहे,” ती म्हणाली.

उजेड संपायच्या आत शेवटची तार आवळली गेली.

रविवारी समिती आली. तिघं जण होते. त्यातला मुख्य साहेब आल्या आल्या घड्याळ बघत होता. भाषण वगैरे कुणी केलं नाही. शिल्पाताईनं त्यांच्या हातात तीन हातोड्या दिल्या आणि बाजूला झाली. साहेबानं वरच्या ओळीतलं एक कौल भीतभीत वाजवलं, मग खालचं, आणि मग त्यानं घड्याळ बघायचं सोडलं. थोड्या वेळानं गावातली निम्मी माणसं हातोड्या, लाटणी, चमचे, हाताला येईल ते घेऊन भिंतीपुढं होती आणि समिती त्यांच्यात कुठंतरी हरवली होती. सूर जुळलेला नव्हता, ताल तर नव्हताच. पण एकशेचव्वेचाळीस कौलं खणखणीत वाजत होती. साहेब जाताना शिल्पाताईला म्हणाला की शेड पाडायचा प्रश्नच येत नाही, कागद महिन्याभरात येईल. तिनं धावत येऊन, मावशीच्या समोर उभं राहून, ते दोनदा सांगितलं.

मावशी चौकटीच्या एका टोकाला उभी होती. दोन्ही तळवे तिनं लोखंडी नळीवर टेकवले होते. सगळी भिंत तिच्या हातांतून वर चढत होती, कोपरापर्यंत, खांद्यापर्यंत. नऊ वर्षांत इतकं काही तिच्यापर्यंत पोचलं नव्हतं. तिचे डोळे भरले आणि ते तिनं कुणापासून लपवले नाहीत. मग तिनं भुवया आवळल्या.

“तिसरी ओळ,” ती म्हणाली. “मधे कुठंतरी. एक तार ढिली आहे.”

शिल्पाताईनं कान देऊन ऐकलं. तिला काही वेगळं वाटेना. लेक पक्कड घेऊन तिसऱ्या ओळीशी गेली आणि एकेक तार हलवून बघू लागली. अकराव्या कौलाची तार खरंच सैल निघाली. तिनं ती आवळली, दोन पीळ जास्त दिले, पक्कड खिशात टाकली आणि चालत आईच्या समोर येऊन उभी राहिली. वाजवणारे थकून थांबले होते.

“पुढच्या शनिवारी मी येते,” ती म्हणाली. “आपण दवाखान्यात जाऊन कान तपासून घेऊ. यंत्र मिळतं छोटं, ते बसवून घेऊ. आणि रविवारी संध्याकाळच्या बसनं तुला परत घरी आणून सोडते.”

मावशीला ते ऐकू आलं होतं, शेवटच्या शब्दापर्यंत. तरी तिनं मान हलवली नाही. उजवा कान पुढं केला आणि विचारलं, “काय?”

लेकीनं हाताचे तळवे तोंडाभोवती धरले आणि सगळ्या गावाला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं पुन्हा सांगितलं.